थर्मोस्टॅटचं बटण

वीबे,

आपल्या फेम्केला आणि बाळाला आणायला स्टेशनवर चाललेय. घर एकोणीस अंशांवर ठेवलंय आणि थर्मोस्टॅटचं बटण काढून पर्समध्ये टाकलंय. शोधत बसू नकोस.

तुझ्या आईसारखा रोज झोपताना तू पंधरावर आणतोस. मग सकाळी गारठलेलं घर पुन्हा तापवताना विजेच्या हीट पंपाची दमछाक होते आणि त्याच्या मदतीला गॅसचा बॉयलर भडाभडा जळतो. ही कसली डोंबलाची बचत? पंप सावकाश चालू दे, बॉयलर कडाक्याच्या थंडीपुरता राहू दे.

गेल्या वेळी पोरीने बाळाचा कोटसुद्धा न काढता परतीची गाडी धरली, आणि तू म्हणालास, "स्वेटर घाला की!"

आता म्हणून दाखव. तुझा स्वेटर मीच घालून चाललेय.

सित्स्के