दुसऱ्यांदा मोजलेली छाती

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलायची सवयच मोडली होती. आज बोलावं लागतंय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची मला लाज वाटते.

तुमच्या भरतीची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. आई भाकऱ्या थापत असायची आणि तुम्ही चुलीपुढं छाती फुगवून उभे राहायचा. साताऱ्याच्या मैदानावर पहिल्यांदा मोजली तेव्हा छाती बोटभर कमी भरली. टेप धरलेला डॉक्टर पुढच्याला हाक मारणार, तेवढ्यात त्यानं तुमच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, मैदानाला एक चक्कर मार, पाणी पी, दम खा आणि परत ये. परत मोजली, भरली. तुम्ही सुभेदार झाला, मी डॉक्टर झाले, ते सगळं त्या दुसऱ्या मोजण्यामुळं. ही गोष्ट सांगून झाली की तुम्ही मला पायजम्याच्या नाडीनं तुमची छाती मोजायला लावायचा. मी मुद्दाम नाडी आवळून 'नापास' म्हणायचे आणि तुम्ही हसायचा. "परत मोज गं." मला त्याचा लय कंटाळा यायचा.

यंदा होळीच्या सुमाराला औंधकडचे, आपल्या भागातले एक शेतकरी त्यांच्या पोराला घेऊन सांगलीला माझ्या स्कॅन सेंटरवर आले. वाटेत डझनभर सेंटरं सोडून माझ्याकडंच, कारण मी तुमची लेक. पोराला ऐन थंडीत विषाणूचा न्यूमोनिया झाला होता, साताऱ्यात ॲडमिट होता. आता बरा होता, सैन्यभरतीच्या तयारीला रोज पहाटे यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढत होता. हे त्याच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, आबा. मी ऐकलं नाही. बाहेर गर्दी, जेवण राहिलेलं, आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. त्यांनी साताऱ्याच्या जुन्या फिल्मची पिशवी पुढं केली, तर मी म्हणाले, जुनं काय बघायचं, आजचं दिसतंय की. आजच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पांढरे पट्टे होते.

"ह्याला पळू दे का, ताई? पावसाळ्यातली भरती शेवटची. पुढं वय बसत न्हाई."

"हे व्रण कायमचे आहेत. पळायचं डोक्यातून काढा."

पोरगं पायातल्या बुटांकडं बघत राहिलं. वडील म्हणाले, सुभेदारांची लेक सांगतीय म्हणल्यावर विषय संपला. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

या आजारात फुप्फुसाचं चित्र सारखं बदलत असतं. सुरुवातीला काचेवर वाफ धरावी तसे पुसट डाग, मग ताप उतरला तरी ते पसरतात, दाट होतात, आणि मग हळूहळू मागं सरतात. मागं राहिलेले पट्टेसुद्धा पुष्कळांचे काही महिन्यांत विरतात. इतक्या लवकर कायमचे व्रण म्हणू नये, हे मी स्वतः हाताखालच्या मुलांना शिकवते. काय म्हणावं मला?

आज ते दोघं परत आले. पोराला शिरवळच्या कंपनीत काम लागलंय, त्याआधी छाती एकदा बघून घ्यावी म्हणून. स्कॅन स्वच्छ निघाला. मग मीच ती पिशवी मागून घेतली आणि तिन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी लावले. थंडीतल्या फोटोत तळ पांढराफटक, होळीच्या वेळी त्याच्या निम्मंही उरलेलं नव्हतं, आज काही नाही. म्हणजे मी कायमचं म्हणाले तेव्हा ते निघूनच चाललं होतं. दोन फोटो शेजारी धरले असते तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. हळूहळू पळायला लाग, दोन महिन्यांनी परत दाखव, एवढंच सांगायचं होतं. पावसाळ्यातली भरती कधीच होऊन गेली.

वडिलांना आनंद मावत नव्हता. "तुमी थांबवलं म्हणून पोरगं वाचलं, ताई," म्हणाले आणि कंदी पेढ्यांचा पुडा उघडून पुढं धरला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पेढा उचलून तोंडात टाकला आणि वर काळजी घ्या म्हणाले. निघताना पोरानं दारातून वळून पहिल्यांदाच मला काही विचारलं.

"आता पळालं तर चालंल?"

चालेल, म्हणाले. आता कशाला रं, म्हणून बापच हसला. पोरगं हसलं नाही.

आबा, मला माझी शरम वाटते. त्या डॉक्टरला तुमचं नावही ठाऊक नव्हतं, तरी त्यानं तुम्हाला परत बोलावलं. हे पोरगं तर तुमचं नाव घेऊन माझ्या दारात आलं होतं.

त्यांचा फोन नंबर समोरच लिहून ठेवलाय. तो लावायचा सोडून तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही उलटून काही बोलणार नाही.