बारीक आवाजाचा हॉर्न

प्रिय चिंगे,

आधीच सांगते, हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस, चष्मा लाव, आणि अर्ध्यावर आल्यावर मला फोन करून "अगं पण" म्हणू नकोस. तुझं "अगं पण" सुरू झालं की माझं म्हणणं राहूनच जातं. शिवाय आमच्या या दोन खोल्यांत मी फोनवर काय बोलते ते आईंनाही ऐकू जातं आणि तुझ्या दादालाही. म्हणून कागद घेतला. शाळेत बाकाखालून तुला चिठ्ठ्या द्यायचे, त्यानंतर बहुतेक हेच पहिलं. त्या चिठ्ठ्यांमध्ये मी तुझ्या दादाला "तुझा तो शहाणा भाऊ" म्हणायचे, आणि तूच पुढे त्याला माझ्या गळ्यात बांधलंस. त्याचा हिशेब एकदा करायचाच आहे.

तर बातमी अशी की गाडी अजून घेतलेली नाही. हो, अजूनही नाही. तू दर आठवड्याला जाहिराती पाठवतेस, खाली लिहितेस "ही बघा, झकास आहे," आणि मग विचारतेस की घोडं कुठे अडलंय. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुझं! इथे माझ्या नाकी नऊ आलेत. उन्हाळा गेला, मुलांची शाळा सुरू झाली, प्रत्येक सुट्टीच्या दिवशी आम्ही कुणाच्या तरी दारात उभे राहून कुणाची तरी जुनी गाडी बघतोय, आणि प्रत्येक वेळी हात हलवत परत येतोय.

आम्हाला हवंय ते काही जगावेगळं नाही. सरकता दरवाजा, बुटका तळ, आईंची व्हीलचेअर आईंसकट आत जाईल इतकी उंची, आणि दोन्ही मुलांना भांडायला पुरेल एवढी जागा. आणि जुनी, कारण नव्या गाडीचं नाव काढायचीही आपली ऐपत नाही. अपघातात आईंच्या पायांना मार बसला आणि आपली ती छोटी गाडी भंगारात गेली, तेव्हापासून आई घराबाहेर पडतात ते फक्त दवाखान्यासाठी. भाड्याची गाडी येते, दोन माणसं येतात, एक काखेत हात घालतो, एक गुडघ्यांखाली, आणि त्यांना उचलून सीटवर ठेवतात. तू ते कधी बघितलं नाहीस. आई त्या वेळी डोळे मिटून घेतात. मागच्या खेपेला परत आल्यावर म्हणाल्या, "सूनबाई, मला पोत्यासारखं उचलून कुठेही न्यायचं असेल, तर यापुढे मी कुठेच जाणार नाही. डॉक्टरांनाच म्हणावं इकडे या." आणि त्या हट्टाला पेटल्या की काय होतं ते मी तुला वेगळं सांगायला नको. दवाखान्याची पुढची तारीख त्यांनी खरंच चुकवली. पाय आखडत चाललेत. वाचनालयात स्वतः जाऊन पुस्तक निवडायचंय, मी आणते ती सगळी रडकी असतात म्हणे. आणि तुझ्या घराचं नवं स्वयंपाकघर बघायचंय. ते तर रोज बोलून दाखवतात.

आता तुझ्या दादाचा कारभार ऐक. पहिली गाडी एका शिशुवर्गवालीची होती. सीटच्या खाली च्युइंगमची खाण, पण चालली असती. त्याने दरवाज्याच्या रबराखाली बोट फिरवलं, गंजाची लाल पावडर बाहेर काढून मला दाखवली आणि म्हणाला, नापास. दुसरी एका सुताराची. तिचा दरवाजा खालून लाथ मारली की उघडायचा, आणि तो गृहस्थ मोठ्या कौतुकाने लाथ मारून दाखवत होता. घरी येऊन आईंना सांगितलं तर म्हणाल्या, मला लाथ मारता येत असती तर गाडी कशाला लागली असती? त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. तिसरी जुन्या गाड्यांच्या बाजारातली, चकचकीत, अत्तर मारलेली. माझं मन बसलं होतं तिच्यावर. याने मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, आणि पार टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ. गाडी पुरात बुडालेली होती. विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. खरं सांगते चिंगे, तेव्हा मला नवऱ्याचा अभिमान वाटला. शेवटी इतकी वर्षं बरण्यांच्या कारखान्यात उजेडाच्या पाटीसमोर बसून, समोरून सरकणाऱ्या हजारो बरण्यांतून केसाएवढा तडा शोधणारा माणूस तो. तिथला नियम तुला माहीत आहे, एका बरणीला तडा दिसला की अख्खा क्रेट परत. घरातही तो तसाच आहे. दूध, कढई, मुलांची प्रगतिपुस्तकं, सगळं उजेडात धरून बघतो.

पण पुढे पुढे अभिमानाचा डोक्याला ताप झाला. एकीचा आरसा थरथरतो, एकीच्या तळावर रंगाचा दुसरा हात दिसतो, एकीत बसल्यावर डाव्या बाजूने काहीतरी कुजबुजतं. काय कुजबुजतं? तर ते त्यालाच ठाऊक. आणि प्रत्येक ठिकाणी आमची वरात कशी, तर आईंची रिकामी व्हीलचेअर बरोबर घेऊन बसने जायचं आणि आईंच्या जागी मी बसायचं. मी बसते, तो मला ढकलत आत नेतो, माझं डोकं छताला आपटतं, मग मी खुर्चीतून उठून चालत बाहेर येते. एका आजोबांना ते बघून भोवळच यायची बाकी होती. मी त्यांना काही समजावून सांगायच्या आत तुझा दादा म्हणाला, "छत कमी पडतंय, नापास," आणि निघालासुद्धा.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. गाडी चालवून बघायची वेळ आली की तो मालकालाच म्हणायचा, "तुम्ही चालवा, मी मागे बसून ऐकतो. खोट मागून ऐकू येते." मला वाटलं, असेल बाबा यांचं काहीतरी शास्त्र. आपल्याला काय कळतंय. माझ्या एका डोळ्यामुळे मला परवाना मिळत नाही, तेव्हा स्टिअरिंगच्या बाबतीत मी तोंड उघडत नाही.

मग गेल्या रविवारी ती गाडी मिळाली. एका निवृत्त शिवणशिक्षिकेची. बाई वस्त्यावस्त्यांत जाऊन शिवणाचे वर्ग घ्यायच्या, मशीन गाडीत घालून न्यायच्या. जड मशीन चढवायला मागे घडीची उतरती फळी बसवलेली, आणि वाटेत ती घरंगळू नयेत म्हणून तळाला चार कड्या. चिंगे, त्या कड्यांत आईंच्या खुर्चीची चाकं बांधून बघितली, जणू मापच घेतलं होतं. त्या फळीवरून मी खुर्चीतून सुळकन आत गेले, डोकं कुठेही आपटलं नाही. रंग उडालेला, सीटवर टाचण्यांची भोकं, पण बाईंनी दर वर्षी वेळेवर सगळं दाखवून आणलेलं. मी शेजारच्या मेकॅनिकला बरोबर नेलं होतं, तो गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, घेऊन टाका, विचार करू नका." तुझ्या दादाने रबरं बघितली, बेल्ट ओढले, चटया उचलल्या, टॉर्च लावून सांधे बघितले. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. काही सापडेना. मी आपली मनात पुस्तकांची यादी करायला लागले, आई वाचनालयात पहिलं काय मागतील त्याची.

मग नेहमीसारखं तो म्हणाला, तुम्ही चालवा, मी मागे बसतो. बाईंनी प्लास्टरमधला हात वर केला आणि हसून म्हणाल्या, "आता तुम्हीच चालवा हो, माझ्याच्याने होणार नाही." मेकॅनिक तोवर निघून गेला होता. तुझा दादा पुढे बसला. सीट मागे घेतली, पुढे घेतली. आरसा सरळ केला, पुन्हा सरळ केला. किल्ली फिरवली नाही. नुसता बसून राहिला. शेवटी त्याने हॉर्न दाबला, खाली उतरला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हॉर्नचा आवाज बारीक आहे," आणि बसथांब्याकडे चालायला लागला. हॉर्नचा! मी त्या परक्या अंगणात रिकामी व्हीलचेअर घेऊन उभी. "नाचता येईना अंगण वाकडं" अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, कसंबसं गिळलं. बाईंनी मला पाणी दिलं, आणि म्हणाल्या की येत्या रविवारपर्यंत मी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही.

घरी आल्यावर मात्र मी गिळलं नाही. तो जिन्यात बसून व्हीलचेअरची चाकं फडक्याने पुसत होता. स्वच्छच होती, तरी पुसत होता. मी तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, तुमच्या त्या बरण्या आईंना दवाखान्यात नेणार आहेत का? पाय पूर्ण आखडल्यावर गाडी घेणार का? हॉर्न बदलून मिळतो, आईचे पाय बदलून मिळतात का? तेव्हा तो बोलला. खाली मान घालून, एकच वाक्य, पाठ असल्यासारखं. ते वाक्य तुझं होतं, चिंगे.

अपघाताच्या दिवशी मी आत एक्सरेच्या खोलीत आईंचा हात धरून होते. तू धावतपळत आलीस, आणि बाहेर व्हरांड्यात त्याला म्हणालीस, "तुला काचेतला केसाएवढा तडा दिसतो, आणि एवढं मोठं वळण दिसलं नाही? यापुढे माझ्या आईला तुझ्या गाडीत बसवू नकोस." दोन वर्षं झाली. मला त्याने हे कधी सांगितलं नाही. आईंना तर नाहीच. रस्त्यावर तेल सांडलं होतं, त्याच्या आधी त्याच वळणावर दुसरीही गाडी घसरली होती, पोलिसांनी हे सगळं लिहून दिलं, तू वाचलंस, मी वाचलं. पण ते वाक्य त्याच्या कानात आधी जाऊन बसलं होतं. त्यानंतर तो स्टिअरिंगला शिवलेला नाही. दर रविवारी गाडीत खोट निघाली की त्याला हायसं वाटायचं. या गाडीत काही निघेना, मग उरला कोण? चालवणाराच ना?

खूप राग आला मला तुझा. अजून आहे. तू घाबरली होतीस, दुरून आली होतीस, आईचं काय झालंय ते तुला कुणी धड सांगितलं नव्हतं, सगळं कबूल. कदाचित तुला ते आठवतही नसेल. बोलून मोकळी झालीस आणि विसरलीस, तुझा स्वभावच तो. पण त्याचा नाही ना! आणि वर तूच दर आठवड्याला त्याला गाड्यांच्या जाहिराती पाठवतेस. तो प्रत्येक जाहिरात उघडतो, वाचतो, आणि तुला अंगठा पाठवतो. मला आता तो अंगठा बघवत नाही.

आईंना मी काल सगळं सांगितलं. तुझं वाक्यही सांगितलं, लपवलं नाही. मग म्हणाल्या, "मी त्याच्या गाडीत कधीही बसेन. पण माझ्या बसण्याने व्हायचं नाही ते. माझ्यावर त्याचा विश्वास नाही, मी आई आहे, मी त्याला काहीही माफ करेन हे त्याला ठाऊक आहे. तिला बोलाव."

म्हणून हे पत्र. मला पैसे नकोत, जाहिराती नकोत, आणि फोनवर माफी तर मुळीच मागू नकोस. तो "असू दे, असू दे" म्हणेल आणि पुन्हा जिन्यात जाऊन चाकं पुसत बसेल. तू रविवारी सकाळी इथे ये. शेजारचा मेकॅनिक बाईंची गाडी आपल्या दाराशी आणून उभी करणार आहे. आई मागे त्यांच्या खुर्चीत, कड्यांना बांधलेल्या. मुलं आणि मी बाकावर. त्याच्या शेजारची सीट तुझी. लग्नाआधीपासून ती तुझीच होती, आठवतंय? दादा चालवायला बसला की पहिलं वळण यायच्या आत तुझी मान लटकायची, तोंड उघडं, आणि आम्ही मागून हसायचो. तो मात्र गाडी हळू घ्यायचा, तुझी झोप मोडू नये म्हणून. अपघातानंतर तू त्याच्या शेजारी बसलेली नाहीस, चिंगे. तर या रविवारी बस. काही बोलू नकोस, रस्त्याकडे बघू नकोस, पायाने खोटा ब्रेक दाबू नकोस. त्याने किल्ली फिरवली की नेहमीसारखी झोपून जा. झोप आली नाही तर सोंग घे, पण नीट घे, तो तपासणारा माणूस आहे. आणि हॉर्न मी नंतर दाबून बघितला, खरंच बारीक आहे. तुला जाग येणार नाही.

तुझीच,
वहिनी नंतर, आधी बाकावरची मैत्रीण