अस्वल म्हणायला मी नाही म्हटलं

बाबा, तुमच्या मुलाने करडीच्या शेतात डुकरं मारायला धुऱ्यावर, बांधाच्या कडेने, बारुदीचे गोळे ठेवले. वरून कणीक, अगदी तुम्ही लावायचात तशी. त्याच्या पोरीने एक उचलला आणि खाऊ समजून दातांत धरला. खालचा ओठ, जबडा, एक गाल गेला. दुपट्ट्यात तिचं तोंड धरून तो माझ्या दारात आला. "बाई, दवाखान्यात अस्वल म्हणजो. गोळा म्हटलं तं पोलीस येतीन."

अस्वल! मी हिच्याएवढी असताना तुमच्याच गोळ्याने माझा जबडा फुटला, तेव्हा तुम्हीही भंडाऱ्याच्या डॉक्टरला अस्वलच सांगितलं होतं. तो माझी भाजलेली कातडी बघत राहिला आणि म्हणाला, आजच नागपूरला न्या. तुम्ही मला घरी आणलंत. चुलीपाशी आई माझ्या तोंडात पेज सोडते आहे, निम्मी गळ्यावरून ओघळते आहे. "काहून नेत नाही तिले नागपूरले?" ती विचारते. "तिथले डॉक्टर येडे आहेत का? मले जेलात टाकतीन. पोरगी जित्ती आहे ना?" जित्ती आहे, बाबा. बी.ए. झाले, नोकरी केली, फोटोत कायम एकच बाजू पुढे केली. तुमच्या तेरवीला लोक म्हणत होते, किती शांत माणूस. मी मान हलवली नाही.

नागपूरला मी डॉक्टरीणबाईंना पहिल्याच वाक्यात सांगितलं, बारूद आहे, तिच्याच बापाने ठेवलेली. त्यांनी आधी जखम खरवडून धुतली. बारूद आत राहिली असती तर वर लावलेली कातडी टिकली नसती. आता पायाचं हाड काढून जबडा बांधणार आहेत. पोर वाढेल तशा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतील. भावाचं नाव पोलिसांना मीच दिलं. त्याची बायको म्हणाली, "सख्खा भाऊ आहे ना वं बाई तुमचा?" "म्हणूनच," मी म्हटलं. जबाब घेणाऱ्या हवालदाराने विचारलं, हे त्याला शिकवलं कोणी? मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं. "मयत माणसाचं लिहून काय उपयोग, मॅडम?" "लिहा," मी म्हटलं. समोर बसून लिहून घेतलं, मगच उठले.

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि तुमच्या फोटोसमोर वाचून दाखवण्याइतका मान मी तुम्हाला देणार नाही. एवढंच कबूल करते: आज पोरीला ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा मला तिचा हेवा वाटला.