टीनाची होडी उलटली त्याबद्दल

सानगडी,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

सौ. कामिनीस,

आशीर्वाद. वि. वि. मोठा भाऊ आहे म्हणून हा शब्द लिहावा लागतो. तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे. सध्या तुझा आवाज ऐकायची इच्छा नाही, म्हणून कारध्यावरून भंडाऱ्याच्या बाजाराला जाणाऱ्या कैलाशच्या हाती हे पत्र.

टीनाला तुझ्याकडे ठेवली ती शाळेसाठी. अकरा वर्षांची पोर, आत्याच्या घरी राहील, चार बुकं शिकेल, असं वाटलं होतं. काल न कळवता आलो आणि कारध्याच्या घाटावर काय पाहिलं? माझी पोरगी एका चिंचोळ्या होडीत, आणि तुझे ते सर स्वतःच्या हातानं ती होडी पालथी घालत होते! पोरगी पाण्याखाली आणि काठावर तू टाळ्या वाजवतेस! मी कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली. सरांची कॉलर धरली, त्याचा मला जराही पस्तावा नाही.

टीना आता इथेच राहील. सानगडीलाही शाळा आहे. डोंगा हाकण्यासाठी पोरीला परगावी ठेवायची गरज नाही. तुझं नाव घरात काढू नका, असं बाबांनीही बजावलं आहे.

लोभ होता.

भुपेंद्र


कारधा,
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. होडी शिकायच्या संमतीच्या कागदावर दिवाळीत तूच सही केलीस. मी वाचून दाखवत होते, तर धानाची चुंगडी गाडीत चढवता चढवता, आण इकडे, कायले वाचून राहिली, म्हणालास.

होडी सरांनी मुद्दाम उलटवली. तोच पहिला धडा, आणि दर रविवारी त्याची उजळणी असते. शर्यतीची कयाक इतकी अरुंद, की नवखं पोर शिंकलं तरी कलंडतं. म्हणून वल्हं हातात देण्याआधी उलटलेल्या होडीतून बाहेर यायला शिकवतात. घाबरायचं नाही, पाय सोडवायचे, वर आलं की होडी धरून राहायचं. अंगात तरंगणारं जॅकेट असतं, सर हातभर अंतरावर असतात. मग वल्हं. त्याला दोन्ही टोकांना पातं, एकदा उजवीकडे मारायचं, एकदा डावीकडे. कनू ही दुसरी होडी, तिच्यात एका गुडघ्यावर बसून एकाच बाजूला मारतात, ती टीना पुढच्या वर्षी शिकणार होती. शर्यत दोनशे मीटर, आपापल्या पट्ट्यात सरळ. दुसऱ्याच्या पट्ट्यात गेलं की बाद. याला डोंगा हाकणं म्हणत नाहीत. आणि तुला तर डोंगाही हाकता येत नाही.

उडी घेतली म्हणे! छातीभर पाण्यापर्यंत गेलास आणि खांबासारखा उभा राहून शिव्या दिल्यास. सरच बिचारे तुझ्याजवळ आले, तेव्हा कुठे कॉलर तुझ्या हाताला लागली. अख्खा घाट हसला, मीही हसले. टीना मात्र हसली नाही.

२ फेब्रुवारीला बारा वर्षांखालच्या मुलांची शर्यत आहे. मार्चमध्ये तिला बारा पूर्ण होतात, म्हणजे हा गट तिला पुन्हा मिळणार नाही. प्रवेशअर्ज सोबत आहे, त्यावर बापाची सही लागते. फाडायचा असेल तर तिच्यासमोर फाड.

रुखमिणीवहिनीला नमस्कार, तो मनापासून. तुझा लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

कामिनी


सानगडी,
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

सौ. कामिनीस,

आशीर्वाद. सही केलेला अर्ज सोबत आहे. जिंकलीस असं समजू नकोस. तुझ्या घरचं पाणी मी अजूनही पिणार नाही आणि त्या सरांची माफीही मागणार नाही.

अर्ज मी फाडणारच होतो, तू लिहिलंस तसा, तिच्यासमोर. टीना आपल्या बोडीच्या पाळीवर पाण्याकडे बघत बसली होती. बारा दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. रुखमिणी वाढेल ते खायची आणि उठून जायची. मी कागद काढला तरी ती रडली नाही, विनवण्याही केल्या नाहीत.

बोडी आपली, पण त्यात डुंबायची ती गावची पोरं. आपण मालकाची पोरं पाळीवरून त्यांना हुसकायचो. पाण्यात उतराल तर तंगडी मोडीन, ही बाबांची तंबी. तू चोरून उतरलीस, मी बाबांचं ऐकत राहिलो. बेचाळीस वर्षांचा झालो तरी मला पोहता येत नाही. त्या दिवशी मला खरंच वाटलं की पोरगी मरते आहे. तरीही पाणी छातीला लागलं आणि पुढे माझा पाय उचलला नाही. तू त्याला हसलीस.

वर आल्या आल्या टीनानं मला तिथं उभा पाहिलं होतं. काल पाळीवर तिनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, की बाबा, मी बुडून राहिली असंच वाटलं न तुमाले, मंग तुमी तिथंच काहून थांबले?

मी खाली बसलो आणि सही केली. शनिवारी रुखमिणी तिला आणून सोडेल. मी येणार नाही.

उत्तर पाठवू नकोस.

भुपेंद्र