टाकीवाल्या काकूंचं बटण

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. वाकून केला असं लिहायची पद्धत आहे, पण मी खुर्चीवर बसून लिहिते आहे, तेव्हा नमस्कारही बसल्या बसल्याच केला असं समज, भेटल्यावर वाकेन. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत औषध घालतेस ना? (घालते, असं आई म्हणते. पण आईला ते तूच सांगितलेलं असणार, आणि तू आईला काय काय सांगतेस ते मला चांगलं माहीत आहे.)

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की, नेमबाजीचं केंद्र ताब्यात घेतलं त्याच दिवशी शेजारच्या गच्चीवरून माझ्या अंगावर दगड आला. ते चूक आहे. तो दगड नव्हता, बटाटा होता. उकडलेला. मी तेव्हा पळत होते, त्यामुळे नीट पाहता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आवार झाडताना त्याचे अवशेष सापडले. एका बाईवर आपण दगडफेकीचा आळ घेतला, तोही लेखी, या विचाराने मला अन्न गोड लागेना. आता ते कागदावर आलं, बरं वाटलं.

तर केंद्र आता आपलं आहे. तेच, ज्याच्या फाटकातून तू इतकी वर्षं आत पाऊल टाकलेलं नाहीस. जुन्या मालकांच्या मुलांना तिथे गोदाम बांधायचं होतं, मालकांना ते बघवेना, तेवढ्यात दादाने उडी घेतली. दादाने पैसे घातले, मी काळजी घातली. (कुणाचा वाटा मोठा यावर घरात अजून एकमत नाही.) पण ‘आपलं’ हा शब्द मी जरा घाईने लिहिला. भिंती आपल्या, बंदुका आपल्या, गळकं छप्पर तर नक्कीच आपलं; परवाना मात्र लटकलेला होता. जुन्या मालकांच्या शेवटच्या दिवसांत कुणाची तरी गोळी निशाणांमागच्या मातीच्या बांधावरून उडून शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत शिरली. माणसं वाचली, टाकी गेली. तेव्हापासून गोळी चालवायला बंदी, फक्त छर्‍याच्या बंदुकांवर सराव. कचेरीतले साहेब एकदा येऊन बघणार आणि परवाना आमच्या नावावर करायचा की केंद्राला कायमचं कुलूप ठोकायचं ते ठरवणार. कुलूप लागलं की गोदाम झालंच म्हणून समज. आणि त्या साहेबांकडे एकामागून एक तक्रारी धाडणाऱ्या बाई म्हणजेच टाकीच्या मालकीण, बटाटा फेकणाऱ्या. केंद्रात त्यांना सगळे टाकीवाल्या काकू म्हणतात. (तोंडावर नाही.)

बांध उंच करून झाल्यावर मी त्यांच्याकडे माफी मागायला गेले. दादा म्हणाला, “गोळी आपण मारली नाही, माफी कसली मागतेस?” पण केंद्र घेतलं म्हणजे त्याची भोकंही घेतली, नाही का? काकूंनी दार अर्धंच उघडलं. मी विचारलं, “काकू, तुम्हाला नक्की काय हवंय?”

“तुमचा तो कारखाना थांबायला हवाय.”

“कधी?”

“कधी म्हणजे? मी म्हणेन तेव्हा!”

आता बाहेरच्या कुठल्याही माणसाला हा टोमणा आहे हे कळलं असतं. मला कळलं नाही. आत्या, दोष तुझा आहे. ज्या घरात छर्‍याची बंदूक बोळाच्या एका टोकाला, डब्याचं झाकण दुसऱ्या टोकाला आणि मध्ये तुझा आवाज, त्या घरात वाढलेल्या मुलीला ‘मी म्हणेन तेव्हा थांबा’ यात गैर काही दिसतच नाही. ‘थांबा’ कुणीही म्हणावं, लहानाने, मोठ्याने, दारावर आलेल्या पोस्टमनने. ऐकलं की हातातलं खाली, हात मोकळे, दोन पावलं मागे. आधी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. जेवतानासुद्धा आपण चमचे खाली ठेवून खुर्च्या मागे सारायचो आणि जो सगळ्यात शेवटी सरेल त्याच्या वाट्याला भांडी यायची. (मागे एकदा बसमध्ये कुणीतरी कंडक्टरला “थांबा!” म्हणून ओरडलं. मी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि मागे सरले ते एका गृहस्थांच्या पायावर. तेही मागे सरले, पण नियम म्हणून नव्हे.)

म्हणून मी काकूंना म्हटलं, “बरोबर आहे तुमचं. उद्या वायरमन पाठवते.” आणि खरंच पाठवला. त्यांच्या गच्चीपासून आमच्या छपरापर्यंत वायर ओढली. त्यांच्याकडे कठड्याला एक बटण, आमच्याकडे घंटा आणि मोठा लाल दिवा, कारण कान झाकलेल्या माणसाला घंटेपेक्षा दिवा आधी दिसतो. बटण दाबलं की केंद्र थांबणार. कारण नंतर. काकू त्या बटणाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “केव्हाही?” मी म्हटलं, “केव्हाही.” त्यांनी लगेच दाबलं.

त्यानंतरचं काय सांगू! बटण मिळाल्यावर माणूस जे जे करील ते सगळं काकूंनी केलं. काका दुपारचे आडवे झाले, दाबलं. वाळत घातलेली चादर उडून आमच्या आवारात पडली, दाबलं. काही झालं नाही, पण घंटा चालते ना हे बघायला दाबलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं तेव्हाही दाबलं. आमचे सभासद चिडले. त्यांतले पुढारी म्हणजे कर्नल. (सैन्यात नव्हते कधी. बँकेत होते. पण मिशा अशा आहेत की दुसरं काही म्हणता येत नाही.) ते म्हणाले, “मुली, हे नेमबाजीचं केंद्र आहे की बालवाडी?” आणि दिवा लागला तरी ते आपला नेम पुरा करून, बंदूक सावकाश ठेवून, राजासारखे मागे सरायचे. रागवायची मला सवय नाही, वयाने ते बाबांपेक्षा मोठे. शेवटी मी आपल्या घरचा उपाय काढला. भांडी इथे नाहीत, म्हणून नेम धरायच्या जागेच्या मागे जमिनीवर पिवळा पट्टा रंगवला आणि नियम केला की त्या पट्ट्यामागे जो सगळ्यात शेवटी पोचेल, त्याने काकूंच्या गच्चीवर जाऊन कारण विचारून यायचं.

पहिल्या दिवशी कर्नल गेले आणि बरणी उघडून आले. दुसऱ्या दिवशी गेले आणि चादरीची दोन टोकं धरून, झटकून, घडी घालून आले. तिसऱ्या वेळी काकूंनी त्यांना टाकीत उतरून गाळ किती आहे ते बघायला सांगितलं. त्यानंतर आत्या, दिवा लागला की कर्नल पिवळ्या पट्ट्यामागे आधी दिसायचे आणि घंटा मागून ऐकू यायची. मग इतरांनी चपळाई वाढवली. बघता बघता आमचं केंद्र असं काही थांबायला शिकलं, की नेम अजून यथातथाच असले तरी थांबण्याच्या स्पर्धा असत्या तर आम्ही कप आणला असता.

आणि मग साहेब आले. न कळवता, काळे चकचकीत बूट घालून. मी तेव्हा शिडीवर होते, हाताला रंग. त्यांनी बांध पाहिला, छप्पर पाहिलं, कुलपं ओढून पाहिली, आणि प्रत्येक गोष्ट पाहून “हं” म्हणाले. त्या “हं” वरून काही कळेना. मग त्यांनी कपाटातलं एक पिस्तूल काढायला लावलं. (रिकामं होतं. मी पाहिलं, कर्नलनी पाहिलं, साहेबांनीही पाहिलं. पण रिकामी बंदूक असं काही जगात नसतं, हे तू मला दुधाचे दात होते तेव्हा सांगितलं आहेस.) आणि पिस्तूल हातात घेऊन ते बोलायला लागले. जुन्या मालकांच्या काळात इथे शिस्त कशी नव्हती यावर. बोलता बोलता, आत्या, त्यांनी त्याच पिस्तुलाने दाखवायला सुरुवात केली. बांध इकडून कमी होता, म्हणून नळी इकडे. गोळी तिकडून गेली असणार, म्हणून नळी तिकडे. मध्ये कर्नलची मिशी आली, तिच्यावरूनही नळी फिरली.

तुला मी काय सांगणार. याच जागी, तू इथे शिकवत होतीस तेव्हा, मालकांचा बडा पाहुणा फोटोसाठी पिस्तूल घेऊन वळला, तू “थांबा!” म्हणालीस, त्याच्या हातातून ते काढून घेतलंस, आणि संध्याकाळी मालक तुला म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.” मला ते सगळं आठवलं आणि परवानाही आठवला आणि तोंड उघडं राहिलं, आवाज मात्र फुटेना.

तेवढ्यात लाल दिवा लागला. घंटा घणघणली. पापणी लवायच्या आत सगळं केंद्र पट्ट्यामागे! बंदुका खाली, हात मोकळे, कर्नल सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत मागे. आणि पुढे मोकळ्या जागेत, हातात पिस्तूल घेऊन, एकटे साहेब. “काय झालं? कुणी वाजवली?” असं म्हणत ते आमच्याकडे वळणार, तोच माझ्या तोंडून आवाज निघाला. तो माझा नव्हता आत्या, तुझा होता. “साहेब, वळू नका. आधी खाली ठेवा. मागे या. कारण नंतर.”

साहेबांनी ठेवलं. मागे आले. मग कर्नल घसा खाकरून म्हणाले, “साहेब, शेवटी तुम्ही पोचलात. गच्चीवर तुम्हाला जावं लागेल.” साहेब म्हणाले, “मला?” कर्नल म्हणाले, “नियम आहे. मी टाकीत उतरलोय.”

आणि साहेब गेले! मी मागोमाग धावले, हाताचा रंग साडीला पुसत. (नवी साडी नव्हती. काळजी करू नकोस.) काकू कठड्याशी उभ्या होत्या, बोट अजून बटणावर. म्हणाल्या, “नवी टाकी बसवलीय मी. तिच्याकडे पिस्तूल रोखून व्याख्यान कसलं देताय?” साहेबांनी टाकीकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, आणि त्यांना उलगडा झाला की जिच्या अर्जांनी त्यांच्या टेबलाचा खण भरलाय ती हीच बाई. मग त्यांनी सरळच विचारलं, “बाई, तुमची तक्रार आहे ना? मग आजच टाकतो कुलूप. बंद करू या का हे केंद्र?”

आत्या, मी डोळे मिटले. काकू म्हणाल्या, “बंद? शहाणेच आहात! केंद्र बंद केलं तर हे बटण मी कुणासाठी दाबू?”

साहेब गच्चीवरून उतरले तेव्हा त्यांच्या हातात अर्धा उकडलेला बटाटा होता. (फेकलेला नव्हे, दिलेला. मीठ लावून.) तो संपवून, हात पुसून, पिवळ्या पट्ट्यामागे उभं राहून त्यांनी परवान्यावर सही केली. दादाने मला उचलून गरगर फिरवलं, कर्नलनी मिशांवरून हात फिरवला आणि काकूंनी आनंदाने बटण दाबलं. आम्ही सगळे पुन्हा मागे सरलो.

काल जुने मालक येऊन गेले. म्हातारे झालेत, काठी आलीय. हे सगळं बघून त्यांनी विचारलं, “ही कुणाची कल्पना?” मी म्हटलं, “आत्याची.” तेवढ्यात काकूंनी, पाहुणे कोण आलेत ते बघायला, घंटा वाजवली. मालक काठी टेकत टेकत पट्ट्यामागे गेले, शेवटचे पोचले, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच गच्चीचा जिना चढायला लागले. तुझ्यासाठी मी ते नीट बघून ठेवलं आहे.

सर्वांना माझा नमस्कार आणि छोट्यांना पापा दे. तुझ्या तब्येतीबद्दल खरं खरं कळव.

तुझीच,
बोळातली नेमबाज

ता. क. परवान्याला एक अट आहे, ती वर लिहायची राहिली. राहिली नाही, मी टाळली. केंद्राला प्रमाणपत्र असलेला मुख्य प्रशिक्षक लागतो. माझ्याकडे अजून प्रमाणपत्र नाही, तुझ्याकडे आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव लिहून दिलं. तुला न विचारता. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

आणखी एक. त्या फाटकात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं तू म्हटलं होतंस. फाटक गंजलं होतं म्हणून मी ते बदललं आहे. (हे कारण खरं आहे, दादाला विचार.) आणि तू तेव्हा मागे सरलीस ती अजून तिथेच उभी आहेस, दिवा केव्हाच विझलाय, आत्या. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण. ऐकायला, आणि जमलं तर तुला सामानासकट उचलून आणायला, मी सकाळच्या पहिल्या गाडीने येते आहे, येत्या रविवारी, बारा तारखेला.