कोरफडीच्या डब्याचं भोक

मंगळवार, २१ जानेवारी १९७५

कोरफड कुजली. डालड्याच्या डब्याला मी स्वतः खिळ्याने भोक पाडलं होतं, तरी कुजली. आज उपटून पाहिलं तर मुळं काळी, बुळबुळीत, आणि भोकात सुताचा बोळा. दादा म्हणाला, "मीच कोंबला. खाली लूमवरच्या कापडावर पाणी ठिबकायचं." मला सांगायचं तरी.

आईचं वेगळंच. तुळशीला घालून उरलेलं पाणी टाकवत नाही म्हणून रोज हिच्यात ओतायची. आणि वर शेजारच्या काकूंना सांगते, "आमच्या मॅट्रिकवालीच्या हाताला गुणच न्हाय." माझ्या हाताला? भोक मी बुजवलं? रोज डबा उचलून बघायला हवा होता का? हो, हवा होता. पण चार बुकं शिकले म्हणून सगळा दोष माझाच?

कुजकी मुळं कापली. काप सुकेपर्यंत आठवडाभर पाणी द्यायचं नाही, हे आईला पटेना. "मुक्या जिवाला तहानलेलं ठेवतीस व्हय?" म्हणत तांब्या घेऊनच आली.

"फेकली," मी म्हटलं.

कोरफड माझ्या ट्रंकेत आहे, पुस्तकांवर. आईशी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. खरं सांगून कोरफडीला वाचवता आलं नसतं, याचाच राग जास्त आहे.