लाखेचा सांधा

कुरखेडा, जि. चांदा
२८ नोव्हेंबर १९५७

चि. भैयाजी यास भाऊचे अ. आ. वि. वि.

क्लचप्लेटची खरी किंमत कळवतो. तू चांद्याहून पाठवलेल्या सामानाचे पैसे त्यात धरत नाई. अंगठ्याचं एक नख, अडीच दिवस, तुझ्या वहिनीची बाज (मोटारीखाली टेकू दिली, दोन पाय चिरले) आणि हाताखालच्या लटारूचा माझ्यावरचा भरोसा. गिअरबॉक्स त्याच्या छातीवर उतरला, तेव्हापासून तो गाडीखाली जात नाई.

गिअरबॉक्स काढायले पायाखालच्या दोन फळ्या उपटल्या. एक परत बसली. दुसरी फुगली, तिथं पोतं अंथरलं. सायलेन्सरही नवा घातला. त्याचा पाइप इंजिनाले जुळते त्या सांध्यासाठी तू दिलेली वायसर, म्हणजे ती चकती, फारच पातळ वाटली, ठेवून दिली. आपल्या इकडे विळ्याची मूठ कशानं बसवतात? कुसुमाच्या झाडावरच्या लाखेनं. तीच तापवून सांध्यात भरली. मूठ तुटन, पण लाख सुटणार नाई.

आधी ही गाडी गावात शिरली की कुत्रे भुंकत. आता घड्याळासारखी चालते. या तालुक्यात माझ्यासारखा कान कोणाचा नाई, हे तुले ठाऊक आहे. चाकाचा आस चिरला तर मी अर्ध्या कोसावरून सांगत होतो; त्याच कानाच्या जोरावर गाडीवानाचा मोटारवाला झालो. लटारूले मागं बसवून आरमोरीले नेलं, तर पठ्ठ्या ढाराढूर. पाणी मारून उठवला. मग डोकं धरून बसला, ओकला. शिळं खाल्लं असन.

रविवारी, ८ तारखेले, रंभाले सासरून, गडचिरोलीहून आणतो. पोरीले सातवा सरला. थंडी लागू नये म्हणून मागचे सगळे पडदे नवे शिवले. माझ्या बाजूचा तेवढा, वळताना हात दाखवायले, उघडा ठेवतो. लेक झोपून येईल.

लोभ त्या वायसरीपेक्षा जाड ठेव.

तुझा भाऊ,
गुणवंतराव


चांदा
४ डिसेंबर १९५७

ती. भाऊ यांस भैयाजीचा सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. हे वाचाल तिथंच गाडीची किल्ली वहिनीजवळ द्या. थट्टा करत नाही.

लटारू झोपला नव्हता, गुंगला होता. लाख तापली की वितळते, हे विळ्याची मूठ बसवणाऱ्याला मी काय सांगू? सांधा मोकळा झाला आहे. मागून बाहेर जायचा धूर पोत्यातून वर, गाडीत येतो. पडदे लावले की तिथंच राहतो. तुम्ही उघड्या बाजूला बसता, म्हणून तुम्हाला कळत नाही. मागच्या हिवाळ्यात इथल्या गॅरेजात एक क्लीनर थंडीसाठी दार लावून चालू गाडीत बसला. गाल लाल, जसा काही गाढ झोपला. तो उठला नाही.

तपकिरीनं तुम्ही नाक घालवलं आहे. वहिनीला विचारा, गाडीत जळक्या लाखेचा वास येतो का. फळी ठोका, वायसर घाला. ते होईतो रंभाला त्या गाडीत बसवू नका, सर्विस मोटारनं आणा. तिचा एकटीचा जीव नाही.

हेच लिहून दुसरी चिठ्ठी आरमोरीच्या ड्रायव्हरजवळ देतो. जे आधी पोहोचेल ते.

आशीर्वाद सावकाश पाठवा, उत्तर आधी.

आपला,
भैयाजी


कुरखेडा
७ डिसेंबर १९५७

चि. भैयाजीस अ. आ.

तुझं उत्तर नाई. लाखेवरून रुसला असशील.

काल तुझ्या वहिनीले, गुणाबाईले, बाजारात नेलं. येताना तीही डुलली. म्हणते, गाडीत गोडसर काही जळून राह्यलं. मी एक चिमूट ओढून हुंगून पाहिलं, मले काहीच आलं नाई. दिवसभर कपाळाले ओला फडका बांधून होती, आणि रंभाले यात आणू नका म्हणे. मी म्हटलं, तुले बैलगाडीचे हिसके खाऊनच बरं वाटते. त्यावर ती फडका पुन्हा भिजवायले उठून गेली.

उद्या पहाटे निघतो. रंभाच्या पायाशी ऊब म्हणून भुरी कुत्रीही नेतो.

दोन ओळी तरी लिहीत जा.

तुझा भाऊ,
गुणवंतराव


कुरखेडा
११ डिसेंबर १९५७

चि. भैयाजी यास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि चिठ्ठी, दोन्ही रविवारी दुपारी आले. मी पहाटेच गेलो होतो. गुणाबाईले वाचता येत नाई. तिनं देवाच्या तसबिरीमागं ठेवले.

गडचिरोली सोडली तेव्हा रंभा सासूची नक्कल करून मले हसवत होती. मग म्हणाली, बाबा, डोकं दुखून राह्यलं. मी म्हटलं, झोप. तिचा आवाज बंद झाला आणि भैयाजी, मले बरं वाटलं. दहा मैल मी इंजिन ऐकत होतो.

आरमोरीच्या अलीकडे नाल्यात चाक रुतलं. तिले खाली उतरवायले पडदा उचलला. भुरी पायाशी मेली होती. रंभाचे गाल लाल होते. ओढून वाळूवर निजवली, पाणी मारलं. किती वेळ गेला ते सांगता येत नाई. मग ओकली, आणि बाबा म्हणाली. गाडी तिथंच सोडली. जवळच्या पाड्यावरच्या सुकलूनं बैलगाडी जुंपून घरी पोहोचवलं.

पोरगी बोलते, दोन घास खाते. पण पोटातलं हलत नव्हतं. तीन दिवस मी तिच्या दाराबाहेर बसून होतो. मले भिंतीतली वाळवी ऐकू येते, तसा कान देऊन बसलो. काहीच आलं नाई.

आज सकाळी सुकलू त्याच्या मायले, सोमारीले घेऊन आला. त्यांच्या पाड्यावरची सुईण आहे. तिनं सगळ्यांले गप केलं आणि रंभाच्या पोटावर कान ठेवला. चुलीवरचा भात खाली लागला तरी कान उचलला नाई. मग म्हणाली, आहे. हळू आहे, पण आहे.

तू दवाखान्यातल्या बाईंले घेऊन सर्विस मोटारनं ये. गुणाबाई माझ्याशी बोलत नाई, तुझ्याशी बोलन.

माया कमी करू नको.

तुझा,
भाऊ

ता. क. सोमारी डाव्या कानानं बहिरी आहे. उजव्यानं अर्धंच ऐकू येते, असं सुकलू म्हणते.